घोड्याची कातडी काय सांगते, आणि डॉक्टर कधी बोलवायचा

घोड्याच्या पाठीवर माशी बसली की नेमका तेवढाच, चार बोटांचा भाग थरथरतो. बाकीचा घोडा शांत उभा असतो, तोंडातला चारा चघळत असतो. माशीखालची कातडी हलते आणि माशी उडते. हे काम करणारा एक पातळ, पसरट स्नायू कातडीला आतून चिकटलेला असतो. माशीचं वजन जेमतेम ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढं, आणि तीन-चारशे किलोंच्या या जनावराला ते कळतं!

‘जनावराचं कातडं जाड, त्याला काय लागतंय’ असं आपण सहज बोलून जातो. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घोड्याची आणि माणसाची पुठ्ठ्यावरची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वेदना टिपणारा सगळ्यात वरचा थर दोघांत जवळपास सारख्याच जाडीचा निघाला आणि त्यातली मज्जातंतूंची टोकंही तितकीच दाट निघाली. घोड्यात जाड असतो तो त्याखालचा थर, आणि तो वेदनेच्या आड येत नाही.

या कातडीचा घामसुद्धा विलक्षण आहे. शर्यतीनंतर घोड्याच्या मानेवर, लगामाच्या पट्ट्यांखाली, मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं आणि ते साबणासारखं काम करतं. दाट केसांमधून घाम नुसता ठिबकून गेला तर अंग थंड होणार नाही. लॅथरिनमुळे तो केसांवर पसरतो, टोकापर्यंत पोचतो आणि वाऱ्याने सुकताना उष्णता घेऊन जातो.

इतक्या संवेदनशील अवयवावर काही उठलं की घोडेवाला गोंधळतो. हे आपोआप जाईल, घरी धुऊन पुसून भागेल, की डॉक्टरला बोलवावं लागेल? याच्या उत्तरात एक मोठी फसगत दडलेली आहे. घोड्याच्या कातडीवर जे भयंकर दिसतं ते पुष्कळदा किरकोळ असतं आणि जे दिसायला क्षुल्लक ते कधीकधी जीवघेणं असतं. दिसण्यावर न जाता तीन गोष्टी बघायच्या: ते किती वेगाने वाढतंय, कुठल्या जागी आहे आणि बाकीचा घोडा कसा आहे.

एका रात्रीत उठलेल्या गांधी

सकाळी तबेल्यात जावं आणि काल तुळतुळीत असलेल्या घोड्याच्या मानेवर, बरगड्यांवर शेकडो फुगवटे दिसावेत, हे दृश्य कुणाचीही छाती दडपवणारं असतं. पाळीव जनावरांत अंगावर पित्त उठण्याचं प्रमाण घोड्यात सर्वांत जास्त. कारणं अनेक: कीटकाचा दंश, बदललेला चारा, एखादं औषध. अशा फुगवट्यावर बोट दाबून धरा आणि उचला. तिथे खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. वरचे केस शाबूत असतात, जखम नसते. घोडा खात-पीत असेल, श्वास नेहमीसारखा असेल तर हा प्रकार बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. नवं काय खाल्लं, नवं काय लावलं याचा मागोवा मात्र घ्यायचा आणि ते थांबवायचं.

तेच पित्त चेहऱ्यावर उतरलं की सगळा हिशेब बदलतो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. नाकपुड्या सुजल्या की त्याला दुसरी वाट नाही. म्हणून पापण्या, ओठ, नाकपुड्या फुगू लागल्या किंवा श्वासाचा आवाज येऊ लागला तर एक मिनिट न दवडता डॉक्टरला फोन करायचा. चरताना नाकाडावर साप चावला तरी असंच होतं आणि घाईही तितकीच करावी लागते.

पावसाने जागा होणारा जंतू

पावसाळ्यात घोड्याच्या पाठीवर, पुठ्ठ्यावर खरखरीत खपल्या येतात. ओली खपली हलकेच उचलली तर तिच्यासोबत केसांचा झुबका निघून येतो आणि मुळाशी पिवळसर पू दिसतो. हे काम आहे डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस या जंतूचं. 1915 मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोत गुरांमध्ये तो प्रथम नोंदला गेला, त्यावरून त्याचं नाव पडलं. कोरड्या खपलीत तो महिनोन्‌महिने निपचित राहतो. पाऊस पडला, खपली भिजली की त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहू लागतात आणि कातडीतून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत केसांच्या मुळापर्यंत जातात! सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर रांगांत उभ्या दिसतात. तेवढ्यावरून डॉक्टर काही मिनिटांत निदान करतो.

धडधाकट, कोरडी कातडी या जंतूला दाद देत नाही. सतत भिजून मऊ पडलेली, खोगिराने घासलेली किंवा कीटकांनी टोचलेली कातडी त्याला वाट देते. त्यामुळे पहिला उपचार म्हणजे आडोसा. घोडा कोरडा ठेवायचा, खपल्या जंतुनाशक पाण्याने मऊ करून मगच अलगद काढायच्या, अंग पूर्ण सुकवायचं. सुकलेल्या खपल्या ओरबाडल्या तर घोड्याला फार दुखतं. खोगीर त्या भागावर चढवायचं नाही. आठवडाभरात उतार पडला नाही, भाग पसरला, हात लावताच घोडा अंग चोरू लागला, पायाला सूज आली किंवा ताप आला तर डॉक्टरला बोलवायचं.

गोल चकत्यांमध्ये केस गेले आणि कोंडा दिसू लागला तर गजकर्णाचा संशय घ्यावा. ही बुरशी सामाईक खरारा, खोगिराखालचं कापड आणि तंग यांतून एका घोड्यावरून दुसऱ्यावर जाते, आणि घोड्यावरून माणसावरही. माथेरान किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे रोज नवी मुलं घोड्यावर बसतात, तिथे अशी चकती एका घोड्यापुरती राहत नाही. तो घोडा कामावरून काढायचा, त्याचं सामान वेगळं ठेवायचं आणि डॉक्टरकडून खपली व केसांची तपासणी करून घ्यायची.

2022 मध्ये लंपीने महाराष्ट्रातली गुरं आजारली, तेव्हापासून अंगावर गाठ दिसली की लंपीचंच नाव ओठांवर येतं. लंपी हा गाई-म्हशींचा रोग आहे, घोड्याला तो होत नाही. घोड्याच्या गाठीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

माशीच्या सोंडेवरून आलेली अळी

पावसाळ्याच्या सुमारास काही घोड्यांची साधी जखम भरायचं नावच घेत नाही. ती लालभडक होऊन वाढते, खाजते, आणि तिच्यात पिवळे, तांदळाच्या कणीएवढे कडक दाणे सापडतात. हिंदी मुलखातले घोडेवाले या जखमेला ‘बरसाती’ म्हणतात.

हिच्यामागची साखळी थक्क करणारी आहे. हॅब्रोनेमा नावाचा जंत घोड्याच्या जठरात राहतो. त्याची प्रजा लिदीतून बाहेर पडते. लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळ्या ती गिळतात. अळीची माशी होते तेव्हा जंताची अळी तिच्या सोंडेत येऊन बसलेली असते. माशी घोड्याच्या ओठांवर बसली की ती उतरते, गिळली जाते आणि पुन्हा जठरात पोचते. पण माशी जखमेवर, डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा लिंगाच्या ओल्या त्वचेवर बसली तर अळी चुकीच्या स्टेशनवर उतरते. तिथे ती मोठी होऊ शकत नाही, परतही जाऊ शकत नाही, आणि शरीर तिच्याभोवती दाह पेटवतं. वरून कितीही मलम लावलं तरी हे शमत नाही. अळी मारणारं औषध योग्य मात्रेत द्यावं लागतं आणि वाढलेलं मांस कधी कापावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी प्रत्येक जखम डॉक्टरला दाखवावी असं जे म्हणतात, त्याचं हे एक कारण.

चिलटांची गोष्ट वेगळी. क्युलिकॉइड्स जातीची ही बारीक चिलटं चावतात तेव्हा त्यांच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी होते. ते आयाळ आणि शेपटीचं मूळ झाडाला, भिंतीला घासून घासून रक्तबंबाळ करतात. आइसलँडमध्ये ही चिलटं अगदी अलीकडेपर्यंत नव्हती. तिथे जन्मलेला घोडा मोठेपणी युरोपच्या मुख्य भूमीवर नेला की त्याला हा त्रास फार मोठ्या प्रमाणावर होतो. त्याच जातीच्या, पण चिलटांच्या प्रदेशात जन्मलेल्या शिंगरांना तो कितीतरी कमी होतो. शिंगरू असताना चिलट चावलं की शरीर त्याची लाळ ओळखायला शिकतं, तो धडा मोठेपणी गिरवता येत नाही.

माश्यांना चुकवण्याचा एक अजब उपायही विज्ञानाने तपासला आहे. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये घोड्यांना झेब्र्यासारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झूल घातली गेली. घोडमाश्या त्यांच्याजवळ येत तितक्याच होत्या, पण पट्ट्यांपाशी त्यांना वेग आवरता येईना. त्या आदळत किंवा निघून जात, बसत मात्र फार कमी. चिलटांसाठी आपल्या तबेल्यात सोपे उपाय आहेत: पहाटे आणि तिन्हीसांजेला घोडा आत ठेवणं, बारीक जाळी लावणं, पंखा लावणं. चिलट वाऱ्यात उडू शकत नाही. एवढं करूनही घोडा स्वतःला सोलून घेत असेल, वाळत चालला असेल तर डॉक्टरचं औषध हवंच.

न दुखणारी, न खाजणारी गाठ

आता दिसायला साध्या गोष्टींकडे येऊ. कानाजवळ, छातीवर, मांडीच्या आत एक करडी, केस गेलेली चकती किंवा चामखिळीसारखा उंचवटा दिसतो. दुखत नाही, खाजत नाही. घोडा मजेत असतो. ते सार्कॉइड असू शकतं. घोड्यांच्या त्वचेत सर्वांत जास्त आढळणारी गाठ ती हीच, आणि तिच्यामागे गाई-बैलांना चामखीळ आणणारा विषाणू असतो. एका जातीचा विषाणू उंबरठा ओलांडून दुसऱ्या जातीत गाठ तयार करतो याचं हे विरळा उदाहरण आहे.

सार्कॉइड शरीराच्या आत पसरत नाही, पण ते डिवचलेलं त्याला चालत नाही. खरवडलं, कापलं, जाळलं की वर्षानुवर्षं झोपलेली चकती काही महिन्यांत लाल मांसाचा गोळा होऊ शकते. आपल्याकडे माणसाच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची रीत आहे. घोड्याच्या अंगावरच्या गाठीवर मात्र असले प्रयोग करू नयेत. लहान वयाच्या घोड्याच्या नाकाडावर येणारे बारीक मस बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. मोठ्या घोड्याच्या अंगावर नवी गाठ दिसली तर ती लहान असतानाच, हात न लावता, दाखवायची.

पांढऱ्या घोड्याची कहाणी तर अधिकच थरारक. खंडोबाचं वाहन पांढरं, नवरदेवाची घोडी पांढरी. यांतले पुष्कळ घोडे जन्मतः काळे, तांबडे किंवा बदामी असतात. वर्षागणिक केस पांढरे होत जातात, कातडी मात्र काळीच राहते. 2008 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी याचं मूळ शोधलं: एका जनुकातला छोटासा तुकडा दोनदा लिहिला गेला आहे. जगभरच्या अशा सगळ्या घोड्यांत तोच बदल सापडतो, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एका सामाईक पूर्वजाची ती देणगी आहे. तोच बदल मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोगही घेऊन येतो. पंधरा वर्षांवरच्या अशा घोड्यांपैकी दहांत आठांच्या आसपास घोड्यांना शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर काळ्या, कडक गाठी येतात. त्या पुष्कळदा वर्षानुवर्षं संथ वाढतात. यासाठी रात्री डॉक्टरला उठवायची गरज नाही. पण शेपटी उचलून दर महिन्याला बघावं, गाठीचा फोटो काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा दाखवावं. गाठ फुटली, झपाट्याने वाढली किंवा लीद टाकताना घोड्याला त्रास होऊ लागला तर थांबू नये.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत ज्या नुकरा घोड्यांभोवती गर्दी जमते त्यांचं गणित याच्या उलट आहे. त्यांची कातडीच गुलाबी असते. तिला ऊन भाजतं. डोळ्याच्या कडेला किंवा नाकाडावर न भरणारा फोड राहिला तर तिथे वेगळ्या जातीचा कर्करोग असू शकतो. सावली हा नुकऱ्याचा रोजचा उपचार आहे.

मूळ आत, खूण बाहेर

कधी घोड्याच्या फक्त पांढऱ्या भागाची, कपाळावरच्या टिक्याची किंवा पांढऱ्या पायांची कातडी लाल होते, सोलते, तडकते. शेजारची काळी-तांबडी कातडी अगदी निरोगी राहते. रंगाची सीमारेषा हीच आजाराची सीमारेषा! असं दिसलं की यकृताकडे बघावं लागतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्याचा एक अवशेष एरवी यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. विषारी वनस्पतींमुळे किंवा आजारामुळे यकृत बिघडलं तर तो रक्तात साचतो, कातडीपर्यंत येतो आणि उन्हाबरोबर प्रक्रिया होऊन ती जाळतो. रंगद्रव्य असलेली कातडी वाचते, गुलाबी जळते. घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुरा-मेंढ्यांतही हेच होतं. मलम लावून यकृत सुधारत नाही. घोडा ताबडतोब उन्हातून हलवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचं.

म्हाताऱ्या घोड्याचे केस उन्हाळ्यातही गळले नाहीत, लांब आणि कुरळे होऊ लागले तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या भागात बिघाड असतो. आणि दमट हवेत काही घोड्यांचा घामच आटतो. बाकीचे घोडे निथळत असताना हा कोरडा राहतो, नाकपुड्या फुलवून धापा टाकतो. थंड देशांतून इकडे आणलेल्या घोड्यांत इंग्रज पशुवैद्यांनी हे फार पूर्वी पाहिलं होतं. अशा घोड्याला सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि लगेच डॉक्टरला कळवायचं.

आत्ता, आज, की या आठवड्यात?

पुढच्या गोष्टींना वाट पाहायची मुभा नाही. चेहऱ्याची सूज आणि श्वासाचा त्रास. सांध्याजवळची किंवा खुराच्या वरची जखम, मग ती टाचणीएवढी का असेना, कारण जंतू सांध्यात शिरला तर घोडा कायमचा अधू होतो. एक पाय एकाएकी फुगून गरम, दुखरा होणं. कुठल्याही त्वचारोगासोबत ताप. निरोगी घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 सेल्सियस असतं, म्हणून प्रत्येक तबेल्यात थर्मामीटर हवाच. खोल जखम झाली आणि धनुर्वाताची लस झालेली नसेल तरीही तोच दिवस, कारण धनुर्वाताला घोड्याइतकं बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं नाही.

एक खूण माणसाच्याही जिवाशी गाठ घालणारी आहे. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने रांगेत गाठी उठतात, फुटतात, त्यातून मधासारखा चिकट पू येतो, नाकही वाहतं. हा ग्लँडर्स नावाचा रोग असू शकतो. 2006 मध्ये भारतात त्याने पुन्हा डोकं वर काढलं ते महाराष्ट्रात, पुणे-पाचगणीच्या घोड्यांत. तो माणसाला होतो आणि घातक ठरतो. कायद्याने त्याची माहिती देणं बंधनकारक आहे. अशा गाठीला उघड्या हाताने शिवू नये, घोडा वेगळा बांधावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावं.

न भरणाऱ्या जखमा, नव्या गाठी, पसरणाऱ्या चकत्या, सतत घासणारी आयाळ या गोष्टी याच आठवड्यात दाखवाव्यात. थोडा कोंडा, एखादी खरचटी, पित्ताच्या चार गांधी यांवर लक्ष ठेवून थांबता येतं.

डॉक्टर येईपर्यंत जागा स्वच्छ पाण्याने धुवा, फोटो काढा, ताप मोजून लिहून ठेवा, खोगीर उतरवा. जखमेवर जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल, चुना काही लावू नका. ते कातडी जाळतं आणि खरी जखम डॉक्टरपासून लपवतं. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारं अमित्राझ घोड्यावर कधीही वापरू नका. त्याने घोड्याचं आतडं थंडावतं, लीद अडकते आणि घोडा दगावू शकतो. घरात उरलेलं स्टेरॉइडही देऊ नका, त्याने खूर बिघडण्याचा धोका असतो.

रोजचा खरारा ही या सगळ्याची सर्वांत स्वस्त तपासणी आहे. तो झाल्यावर उघडा तळहात मानेपासून खुरापर्यंत फिरवा: तंगाखालून, कोपराच्या मागे, मांड्यांच्या आत, शेपटीखाली. ऊब, ओल, उंचवटा, घोड्याने अंग चोरणं हे हाताला डोळ्याआधी कळतं. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे कधीतरी दाब इतका पडला की केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या. ते खोगीर बदला.

शेवटी एक विनंती, घोडा पाळणाऱ्यांना आणि सुट्टीत घटकाभर घोड्यावर बसणाऱ्यांनाही. सर्पदंशावरचं औषध आजही घोड्याच्या रक्तातून मिळतं, आपण त्याचे देणेकरी आहोत. घोड्यावर बसण्याआधी खोगिराच्या कडेखाली एक नजर टाका. जखम दिसली तर त्या घोड्यावर बसू नका आणि मालकाला समजावून सांगा. डॉक्टर जवळ नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो प्रत्येक तबेल्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.